की बॅटरी लो

वाचकहो, सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी एक पेपर, आणि घरी आईचं ओरडणं. तेव्हा या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका एडिटर मंडळींनी दुरुस्त केल्या असतील तर त्यांचे आभार, आणि राहिल्या असतील तर तुम्ही पोटात घाला. गेल्या अंकात इंग्लिश सेक्शनमध्ये मी रिमोट चावीच्या 'रोलिंग कोड' वर दोन पानं लिहिली होती, डायग्रॅमसकट. तीन जणांनी वाचली. त्यातली एक माझी रूममेट, आणि तीसुद्धा मी समोर बसले होते म्हणून. यंदा विषय जवळजवळ तोच आहे, पण मराठीत. का, ते पुढे कळेलच.

तर विषय आहे गाडीच्या रिमोट चावीतली बॅटरी. हसू नका! रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल. त्याच्यापायी माझ्या काकाचे किती हजार गेले आणि त्यात माझा वाटा किती, ते वाचा आणि मग हसा.

काका राहतो सफाळ्याला. (हॉस्टेलवर सफाळ्याचं नाव काढलं की "ते कुठे आलं?" हा प्रश्न ठरलेला. विरारच्या पुढे वैतरणा, खाडीवरचा पूल, आणि मग सफाळे. तांदुळवाडीच्या किल्ल्यावर ट्रेकला जाता ना, तेच.) त्याची एक सेकंडहँड सात सीटर आहे, पिवळ्या नंबरप्लेटची. केळव्याच्या बीचवर येणारे लोक, लग्नाची वऱ्हाडं, आणि मुख्य म्हणजे एअरपोर्टच्या ट्रिपा. पहाटे निघायचं, घाट उतरून वरई फाट्याला हायवे धरायचा. घर चालतं ते याच्यावर. गाडी बटण-स्टार्टवाली. चावी खिशात ठेवायची, ब्रेक दाबायचा, बटण दाबायचं. पहिल्या मालकाने दुसरी चावी कुठेतरी हरवली, त्यामुळे आहे ती एकच.

दिवाळीत मी गेले होते तेव्हा काकाने मला पुढच्या सीटवर बसवून स्टेशनवरून घरी आणलं. गाडी चालू करताना डॅशबोर्डवर काहीतरी झळकलं आणि गेलं. काका म्हणाला, "बाय, हे रोज येते गो. काय लिवलंय वाच बरं."

मी मोबाईलमधून मान वर केली, वाचलं आणि सांगितलं, "की बॅटरी लो."

बस्स. एवढंच. इंग्रजीत जे लिहिलं होतं ते मी मराठी अक्षरांत म्हणून दाखवलं आणि परत मोबाईलमध्ये घुसले. मला वाटलं, झालं काम. काकाने काय ऐकलं? "की, बॅटरी लो." म्हणजे, असं लिहिलंय की बॅटरी कमी आहे. मराठीत 'की' चा अर्थ चावी होत नाही हे मला, वीस वर्षं मराठी घरात राहून, त्या क्षणी सुचलं नाही. भाऊबीज झाली, मी हॉस्टेलवर परत आले. काकाने आठवड्याभरात बॉनेटखालची मोठी बारा व्होल्टची बॅटरी नवीन टाकून घेतली. साडेपाच हजार! जुनी चांगली होती. आणि मेसेज यायचा तो येतच राहिला. काका समजला, मीटरमध्ये काहीतरी बिघाड असेल, सेकंडहँड गाडी आहे, चालायचंच.

मग जानेवारीतला एक गुरुवार. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. काका. "बाय, गाडी उघडतच नाय. बटन दाबून दाबून बोट दुखला. एडवणचं पॅसेंजर वाट बघते, त्यांना एअरपोर्टला जायचंय. तू इंजिनियर ना, सांग लवकर."

वाचकहो, मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रोलिंग कोडवर दोन पानं लिहून मोकळी झालेली आहे. मी काय सांगितलं असेल? "काका, तू सर्व्हिस सेंटरला फोन कर ना." पहाटे चार वाजता! आणि परत झोपले.

ट्रिप गेली. एडवणच्या माणसांना त्यांच्या भाच्याने सोडलं. गाडी दोन दिवस अंगणात उभी. सर्व्हिस सेंटरने (कुठलं ते विचारू नका) फोनवर सांगितलं, चावी घेऊन या, बघायला लागेल, पूर्ण सेट बदलायचा झाला तर प्रोग्रॅमिंग धरून बारा हजारापर्यंत जाईल.

आता त्या पहाटे काकाने काय करायला हवं होतं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कित्येक स्टाफ मेंबर्सकडे अशाच गाड्या आहेत आणि तुम्हालाही हे ठाऊक नसण्याची शक्यता दांडगी आहे. बटण-स्टार्टच्या चावीच्या पोटात एक साधी लोखंडी चावी लपवलेली असते. कडेला एक छोटा खटका असतो, तो सरकवला की ती बाहेर ओढता येते. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या हँडलपाशी तिच्यासाठी भोक असतं, काही गाड्यांत ते प्लॅस्टिकच्या टोपीखाली दडवलेलं. त्या चावीने दरवाजा उघडायचा. कदाचित अलार्म बोंबलेल, बोंबलू दे. आत बसायचं, ब्रेक दाबायचा, आणि मेलेली चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबायचं. बहुतेक गाड्या अशा चालू होतात. काहींत टेकवायची जागा वेगळी असते, कप होल्डरमध्ये किंवा स्टिअरिंगच्या बाजूला.

बॅटरी मेलेली असताना हे कसं काय? चावीत एक दुसरी छोटी चिप असते, तिला बॅटरी लागतच नाही. बटणाच्या मागे तारेची गुंडाळी असते. तिच्यातून बदलता करंट सोडला की जवळच्या चिपच्या गुंडाळीत वीज तयार होते. फॅरडेने 1831 साली दाखवलं तेच, बारावीत आपण सगळ्यांनी घोकलेलं. तेवढ्या विजेवर चिप जागी होते, आपला नंबर सांगते, आणि गाडी तिला ओळखते. दोघांमध्ये फार तर बोटभर अंतर चालतं, म्हणून टेकवायची. ज्या चाव्या फिरवून गाडी चालू होते त्यातही बऱ्याच वेळा अशीच चिप असते. म्हणजे रिमोट मेला म्हणजे गाडी मेली असं नाही.

हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मॅन्युअल चारशेच्या वर पानांचं, इंग्रजीत, आणि ठेवलेलं कुठे? डॅशबोर्डच्या कप्प्यात. म्हणजे बंद गाडीच्या आत!

शनिवारी मी सफाळ्याला गेले. अपराधी वाटत होतं म्हणून कॉलेजची शान राखायला मल्टिमीटर घेऊन गेले. काकूच्या भाजीच्या सुरीने चावी उघडली. नखाने किंवा नाण्याने हळू फाकवायची असते हे तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे एक क्लिप तुटली. आत सेल, त्याच्यावर सीआर 2032. मीटर लावला. 2.9 व्होल्ट. सेल तीन व्होल्टचा असतो. मी ऐटीत जाहीर केलं, "बॅटरी ठीक आहे. सर्किट गेलंय." काका गप्प बसला. मग उठून कपाट उघडलं आणि पैसे मोजायला लागला.

काकू म्हणाली, "घड्याळवाल्याला तरी दाखवा आधी."

बाजारात एक घड्याळवाले काका बसतात, टपरीवजा दुकान, डोळ्याला भिंग. त्यांनी सेल चिमट्याने उचलला (प्लॅस्टिकचा चिमटा, लोखंडी चिमट्याने दोन्ही बाजू एकदम धरल्या की सेल शॉर्ट होतो) आणि म्हणाले, "मेलाय हा." मी म्हटलं, "नाही हो, 2.9 आहे, मी मोजलाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं, वाद घातला नाही. सेल आपल्या टेस्टरवर ठेवला. काटा जरा वर गेला आणि धपकन खाली आला.

त्या क्षणी मला सेकंड सेमिस्टरचा अख्खा चॅप्टर आठवला. इंटर्नल रेझिस्टन्स! नुसता मीटर लावला की सेलमधून करंट जवळजवळ वाहतच नाही, म्हणून व्होल्टेज छान दिसतं. पण बटण दाबलं की चावीला क्षणभर कितीतरी पट जास्त करंट लागतो, आणि म्हाताऱ्या सेलचा आतला अडथळा वाढलेला असतो, म्हणून व्होल्टेज कोसळतं. दम लागलेला माणूस बसून असेपर्यंत ठणठणीत दिसतो, जिना चढायला लावला की कळतं. व्हायवाला हाच प्रश्न आला होता आणि मला पैकीच्या पैकी मिळाले होते. घड्याळवाल्यांनी यातला एक शब्द उच्चारला नाही. त्यांच्या टेस्टरमध्ये लोड होता आणि माझ्या मीटरमध्ये नव्हता, एवढंच.

चावीच्या आतल्या पितळी पट्टीवर हिरवट थर चढला होता. सफाळ्याची हवा समुद्राची, त्यात काका चावी घामाच्या खिशात ठेवणार. त्यांनी पेन्सिलीच्या खोडरबराने पट्टी घासली, फुंकर मारली, नवीन सेल कापडाने पुसून अधिकची खूण बघून बसवला आणि चावी मिटली. काका गाडी घेऊन रस्त्यातच उभा होता (ती उघडायला मला दहा मिनिटं आणि काकूचा व्हॅसलीनचा डबा लागला, लोखंडी चावीचं भोक गंजलं होतं). बटण दाबलं. टुकटुक! इंडिकेटर लुकलुकले. सेल धरून साठ रुपये झाले.

काकाची एक शंका होती, आणि ती तुमचीही असेल, म्हणून सांगते. बॅटरी काढली की चावी गाडीला विसरते का? साधारणपणे नाही. चावीचा नंबर आणि मोजणी ज्या मेमरीत असते ती विजेवाचून टिकते, आपल्या पेन ड्राइव्हसारखी. रोलिंग कोड म्हणजे काय, तर प्रत्येक वेळी बटण दाबलं की चावी पुढचा आकडा गुप्त भाषेत पाठवते, आणि गाडी बघते की हा मागच्यापेक्षा पुढचा आहे ना. त्यामुळे कोणी चोराने सिग्नल रेकॉर्ड करून परत वाजवला तर गाडी म्हणते, हा आकडा होऊन गेला. मग घरातल्या पोराने खेळताना पन्नास वेळा बटण दाबलं तर? कीलॉक नावाची जी जुनी, पुष्कळ वापरली गेलेली पद्धत आहे, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली, तिच्यात पुढच्या 16 आकड्यांपर्यंत गाडी निमूट मानते. त्याच्या पलीकडे गेलात तर लागोपाठ दोनदा दाबायला लावते आणि पुन्हा जुळवून घेते. थोडक्यात, सेल बदलल्यावर पहिल्यांदा नाही चाललं तर घाबरू नका, दोनदा दाबा. तरीही नाहीच चाललं, तर सेल उलटा बसवला असेल.

हीच गोष्ट मी इंग्लिश सेक्शनमध्ये लिहिली होती. तिथे 'सिंक्रोनायझेशन काउंटर', 'नॉन-व्होलाटाइल मेमरी' असे शब्द होते. काकाला ती दोन पानं दिली असती तर त्याने त्यात भजी बांधली असती, आणि बरोबरच केलं असतं.

आता माझं मत. (एडिटरने सांगितलंय, मत पाहिजे.)

आपल्या सगळ्यांना वाटतं की घरच्यांना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत. काकाला काय कळत नव्हतं? डिझेलचा पंप तो स्वतः उघडतो. गाडीच्या आवाजावरून कुठला बेल्ट सैल आहे ते सांगतो. अडीच महिने गाडी त्याला रोज सांगत होती की चावीतला सेल संपत आलाय. फक्त ती इंग्रजीत सांगत होती. आणि घरात इंग्रजी वाचता येणारी, त्यातही इंजिनियरिंग करणारी मुलगी शेजारी बसलेली असताना तिने शब्द वाचला, अर्थ दिला नाही. "काका, चावीतला छोटा सेल संपलाय, घड्याळवाल्याकडून टाकून घे." एका श्वासात होणारं वाक्य. ते मला आलं नाही. म्हणजे येत होतं, पण माझ्या डोक्यात ती गोष्ट मराठीत नव्हतीच मुळी.

तुमच्याही डोक्यात नाही. करून बघा. इंटर्नल रेझिस्टन्स आईला मराठीत समजावून सांगा, अवघड पुस्तकी शब्द न वापरता. मी हॉस्टेलवर चौघींना सांगून बघितलं. दोघी हसल्या, एकीने इंग्रजीतच सुरुवात केली, आणि चौथी, मेकॅनिकलची, विचार करून म्हणाली, "मला तो नीट कळलेलाच नाहीये गं." तिचं उत्तर मला सगळ्यात आवडलं.

एआयसीटीईने 2021-22 पासून मराठीसकट काही भारतीय भाषांतून इंजिनियरिंग शिकवायला परवानगी दिली. आपल्याकडे त्यावर डिबेट झाली होती, आणि मी तावातावाने विरोधात बोलले होते. प्लेसमेंटचं काय, पुस्तकं कुठे आहेत, वगैरे. ते मुद्दे मला अजूनही पटतात, मी काही एकदम बदललेली नाही. डिग्री इंग्रजीत असू दे. पण शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबरोबर दोन पानं मराठीत जोडायला काय हरकत आहे? ही वस्तू काय करते, बिघडली तर आधी काय बघायचं, कोणाकडे जायचं, एवढंच. आणि ती पानं एक्स्टर्नलने वाचायची नाहीत. मेसच्या मावशींनी किंवा गेटवरच्या वॉचमन काकांनी वाचायची आणि त्यांना कळलं की नाही ते सांगायचं. मार्क पाच ठेवा, पण ठेवा.

कंपन्यांबद्दलही बोलायला पाहिजे. सर्व्हिस सेंटरवाल्याने काकाला लुटलं असं मी म्हणत नाही, त्याने "बघायला लागेल" एवढंच म्हटलं होतं. पण गाडीबद्दलची माहिती आपल्याच हातात ठेवायची सवय या धंद्यात जुनी आहे. 2011 मध्ये एका ग्राहकाने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नाहीत. आयोगाने 25 ऑगस्ट 2014 ला 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड सुनावला. पुढे अपिलं झाली, तो भाग वेगळा. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' साठी समिती नेमली. सगळं चांगलंच आहे. पण दुरुस्तीचा हक्क मिळाला आणि डॅशबोर्डवरची सूचना वाचता येत नसेल तर तो हक्क घेऊन सफाळ्याच्या माणसाने करायचं काय? ज्या गाडीच्या स्क्रीनवर ढीगभर गाणी आणि नकाशे मावतात, तिच्यात "चावीचा सेल बदला" ही चार अक्षरं (बरं, जरा जास्त) मराठीत टाकायला जागा नाही, हे मला पटत नाही.

अजून एक गोष्ट, ही मात्र गंभीर आहे आणि क्वार्टर्समध्ये लहान मुलं असलेल्या सर-मॅडमनी जरूर वाचावी. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. 'मेलेला' सेलसुद्धा पूर्ण मेलेला नसतो, माझा 2.9 आठवा. 20 मिलिमीटरचा हा सेल लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो. तिथल्या ओलाव्यातून करंट वाहतो आणि दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. मूल रडेलच असंही नाही. शंका आली तरी ताबडतोब हॉस्पिटल, उलटी करवायची नाही. अमेरिकेत एका दीड वर्षाच्या मुलीच्या मृत्यूनंतर 2022 मध्ये यासाठी तिच्या नावाने कायदा झाला. आपण निदान जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो उंचावर ठेवू शकतो. ओल्या कचऱ्यात तर नकोच. माझी खोली लेडीज हॉस्टेलला पहिल्या मजल्यावर आहे, दाराबाहेर बोर्नव्हिटाचा रिकामा डबा अडकवलाय, त्यात टाका. भरला की ई-कचरावाल्याकडे पोचवायची जबाबदारी माझी.

राहता राहिला काका. त्याने माझ्याशी भांडण वगैरे काही केलं नाही, उलट येताना कोलीम बांधून दिलं. साडेपाच हजारांची बॅटरी मस्त चालू आहे म्हणतो. चावीला रबरबँड लावलंय, क्लिप मी तोडली ना. सनव्हायझरवर आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, माझ्या अक्षरात, डॅशबोर्डवर येऊ शकणाऱ्या अकरा सूचना आणि त्यांचे मराठीत अर्थ. "बाय, अक्षर मोठं काढ," म्हणाला, म्हणून दोनदा लिहिली. एडवणच्या पॅसेंजरचा फोन मात्र अजून आलेला नाही.

तर स्टाफ मेंबर्सना विनंती. शनिवारी दुपारी चार ते सहा मी इलेक्ट्रॉनिक्स लॅबच्या बाहेरच्या बाकावर बसणार आहे. एचओडी सरांनी परवानगी दिलीय. चावी घेऊन या, आणि सेलही घेऊन या. आधी जुन्या सेलवरचा नंबर वाचा: सीआर 2032 म्हणजे व्यास 20 मिलिमीटर आणि जाडी 3.2. दुकानदार 2025 देईल आणि "सेमच आहे" म्हणेल. तो 2.5 जाडीचा असतो, आत सैल बसतो आणि कधी लागतो कधी नाही. गाडीचं नाव, साल आणि डॅशबोर्डवर येणारे मेसेजही एका कागदावर लिहून आणा, चिठ्ठी बनवून देईन. सुरी आणू नका.